तीन केसिंग आणि एक अंगठा

विमानाच्या इंजिनाला म्हातारपण कसं येतं, हे मला माझं स्वतःचं आल्यावर कळलं. त्याआधीची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये तडे शोधण्यात गेली. क्रेनचे हुक, वॅगनचे आस, भट्टीवरच्या तुळया, म्हणजे जे तुटलं तर खाली उभा असलेला माणूस घरी जाणार नाही असं सगळं, ते तुटण्याआधी आमच्या खात्याकडे यायचं. आम्ही त्यावर तेल लावायचो, पावडर मारायचो, यंत्र टेकवून आतला आवाज बघायचो आणि 'चालेल' किंवा 'काढा' असं लिहून सही करायचो. 'काढा' लिहिलं की ज्याचं काम अडलं तो शिव्या द्यायचा. 'चालेल' लिहिलं की कोणी आभार मानायचं नाही, कारण काही झालंच नाही तर आभार कशाचे? या धंद्याचं हे असंच आहे.

निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात बायकोनं मला हाकललं. मरोदा वस्तीतल्या आमच्या घरी व्हरांड्यात टॉर्च घेऊन मी भिंतीतली एक चीर कुठपर्यंत गेलीय ते बघत होतो. कुसुम मागे येऊन उभी राहिली. "आता काय घराचेच तडे मोजून राहिले का? जा, कुठंतरी कामाले लागा. नाही तर मले येड लागन."

त्याच सुमारास रसमड्याहून फोन आला. तिथे दुर्गच्या पांढरीपांड्यांचं वर्कशॉप आहे. प्लांटसाठी रोलर आणि कपलिंग करायचं. वडिलांनी उभं केलं आणि आता मुलगी अनुजा चालवते. तिचे वडील मला चांगले ओळखायचे, कारण मी त्यांचे रोलर तीनदा नापास केले होते. तिनं फोनवर तेच कारण सांगितलं. "काका, बाबा म्हणायचे, मेश्राम खडूस आहे पण खोटं लिहीत नाही. मले तसाच माणूस पाहिजे. विमानाचं काम आलंय."

विमानाचं काम, आणि रसमड्यात! मला वाटलं पोरगी चेष्टा करते आहे. पण मला एक जुनी खोड आहे. एखादी गोष्ट कशी चालते ते कळलं नाही की जेवण गोड लागत नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि गेलो.

आता जे काम होतं ते बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. लढाऊ विमानाच्या इंजिनाला जन्मतःच एक मुदत लिहून दिलेली असते. वर्षांत नाही, तासांत. इतके तास उडालं की उघडायचं, इतके तास झाले की मोडीत काढायचं. पण नवी विमानं हवी तेव्हा येत नाहीत आणि जुन्यांचं काम तर थांबत नाही. मग जुन्या इंजिनाला मुदतवाढ देतात. हा शब्द ऐकून मी हसलो, कारण तिथे खुर्चीवर बसलेला मीही मुदतवाढीवरचाच माल होतो. मुदतवाढ म्हणजे नुसता कागदावरचा आकडा बदलणं नव्हे. इंजिन पूर्ण सुटं करतात. आतली पाती नव्या, जास्त आच सोसणाऱ्या धातूची बसवतात. जाळ होतो त्या भागाला आतून नवा लेप देतात. आणि जे भाग बदलायला मिळतच नाहीत, ते दुरुस्त करतात.

असाच एक भाग आमच्याकडे आला होता. त्याला केसिंग म्हणतात. गुडघ्याएवढी उंची आणि माझ्या दोन्ही हातांच्या मिठीत न मावणारा घेर, असं निकेलच्या धातूचं एक कडं. इंजिनातला तापलेला वायू जिथून सुटतो तिथलं हे बाहेरचं कवच. त्याची भिंत इतकी पातळ की नखानं टिचकी मारली तर पातेल्यासारखी वाजते. ज्या देशात ते बनलं तिथे आता ते बनत नाही, त्यामुळे एक केसिंग वाया गेलं तर एक इंजिन जमिनीवर बसलं. पहिली चाचणी म्हणून इंजिनाच्या कारखान्यानं तीन केसिंग आमच्याकडे दिली होती. ती नीट करून दिली तर पुढची सगळी मिळणार होती. वर्कशॉपमधले लोक त्या तिघांभोवती असे फिरायचे, जणू घरात पाहुणे आलेत आणि मोठ्यानं बोलायचं नाही.

माझं काय, मला तर खजिनाच सापडला. केसिंगच्या कडेवर परक्या लिपीतली अक्षरं होती. जुन्या दुरुस्तीच्या खुणा होत्या. एका ठिकाणी कोणीतरी सुईसारख्या हत्यारानं बारीकशी रेघ ओढून पुन्हा खोडली होती. कोणी? का खोडली? चूक झाली होती की साहेब आला होता? कारखान्याकडून तपासणीला येणारे पिल्लई साहेब शांत माणूस. मी त्यांना विचारायचो, हे कुठल्या विमानात होतं, वाळवंटावर उडालं की डोंगरावर, चालवणारा आता कुठे असेल. ते चष्मा पुसत म्हणायचे, "मेश्राम जी, ये जानकर आपको क्या करना है?" करायचं काहीच नव्हतं. पण सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या शिव्या खाल्ल्या. प्लांटमधली सवय, तपासलेल्या जागेवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. खिशातून पेन्सिल काढली आणि केसिंगवर टेकवणार तेवढ्यात साहेबांनी माझं मनगट धरलं. त्यांनी समजावलं ते असं. पेन्सिलीत कार्बन असतो. धातू थंड आहे तोवर काही बिघडत नाही. पण वेल्डिंगनंतर धातूतला ताण काढायला तोच भाग भट्टीत गेला की तो कार्बन धातूत शिरतो आणि त्या जागी धातू ठिसूळ होतो. गंधक, जस्त, शिसं, सगळ्यांचं तेच. बोटाचा घामसुद्धा चालत नाही. म्हणून पांढरे हातमोजे, म्हणून भट्टीत जाण्याआधी टाकीत आंघोळ, म्हणून वर प्लॅस्टिक. मी थक्क झालो. पोलादाच्या कारखान्यात आम्ही माल खडूनं रंगवून काढायचो. इथे पेन्सिलीची एक रेघ विमान पाडू शकत होती. घरी जाऊन कुसुमला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे तुमच्यापेक्षा नाजूक आहे ते."

मग केसिंगला काय लागू द्यायचं नाही त्याचा मी एक फळा करून घेतला आणि भट्टीजवळ टांगला. पेन्सिल, खडू, स्केच पेन, ग्रीस, साधं रबर, शिसं, जस्त. कुठलीही वस्तू राहू नये म्हणून शेवटी हिंदीत मीच एक ओळ घातली. यादीत नसलेली कोणतीही वस्तू लावण्याआधी मेश्रामला विचारा. त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

यंत्रावर दुखुराम साहू. जामुलकडच्या गावातला, रोज बसनं येणारा, माझ्याच वयाचा. असा टर्नर मी दुसरा पाहिला नाही. पातळ केसिंग फिरताना थरथरतं आणि हत्यार उड्या मारतं. दुखुरामनं त्याला बाहेरून सायकलची ट्यूब गुंडाळली आणि थरथर गेली. पिल्लई साहेब किंचाळायचेच बाकी होते, कारण साध्या रबरात गंधक. दुखुरामनं शांतपणे ट्यूब सोडली, "नई चलय त नई चलय" म्हणाला, आणि साहेबांनी पाठवलेला मंजूर पट्टा तितक्याच मायेनं गुंडाळला. केसिंगचे कान, म्हणजे बोल्ट अडकवायचे बाहेरचे तुकडे, वेल्डिंगनं भरलेले होते, ते त्यानं इतके सुबक उतरवले की जोड कुठे आहे ते मला बोट फिरवून कळेना. हातमोजा घालून, अर्थात.

आता पूजा. भिलाई-दुर्गच्या कुठल्याही कारखान्यात विश्वकर्मा पूजा म्हणजे वर्षाचा मोठा दिवस. यंत्रं पुसायची, फुलं घालायची, बुंदी वाटायची. आम्ही बौद्ध. आजोबा भंडाऱ्याकडचे, वडील प्लांटच्या सुरुवातीच्या भरतीत आले. मी पूजा करत नाही. पण पूजेच्या दिवशी गैरहजरही राहिलो नाही. नोकरीभर माझी एक रीत होती. खुर्च्या लावू लागायचं, पूजा सुरू झाली की दाराजवळ उभं राहायचं, हात जोडायचे नाहीत, संपली की बुंदी घ्यायची आणि चांगली झाली म्हणायचं. ते विचारायचे नाहीत, मी बोलायचो नाही. दोन्ही बाजूंना बरं पडायचं. नवा असताना एकदा मी एक शब्द बोललो होतो, वायरवर ठेवलेल्या दिव्याबद्दल, आणि 'याला आमच्या देवाचं वावडं' असं माझ्या पाठीमागे महिनाभर चाललं होतं. त्यानंतर मी शहाणा झालो. निदान मला तसं वाटायचं.

रसमड्याला त्या वर्षी पूजा जोरात होती. तिन्ही केसिंग टाकीतून धुऊन ट्रॉलीवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीत जायची होती. अनुजा म्हणाली, "काका, विमानाचं पहिलं काम आहे. पूजेत मांडू या ना. फोटो पण होईल." प्लॅस्टिक काढलं गेलं. मी हातमोजे घातलेल्या पोरांना सांगितलं, कोणी हात लावू नका. कोणी लावलाही नाही. फोटो झाला.

इथल्या रीतीप्रमाणे वर्कशॉपमधला सर्वांत जुना माणूस यंत्रांना टिळा लावतो. तेलात कालवलेला शेंदूर, इकडे त्याला बंदन म्हणतात. दुखुरामनं आंघोळ करून धोतर नेसलं होतं. एकेका यंत्रासमोर थांबून तो अंगठ्यानं टिळा लावत होता. लेथ झालं, ड्रिल झालं, भट्टीचं दार झालं. मग तो ट्रॉलीजवळ आला. मी दारात होतो, दहा पावलांवर. त्यानं डोळे मिटले, पुटपुटला आणि पहिल्या केसिंगच्या भिंतीवर अंगठा टेकवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

मला दिसलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. आणि त्याच क्षणी मनात हिशेब झाला, की मी आता ओरडलो तर वर्कशॉपला ऐकू काय येईल? तडे शोधणारा माणूस बोलला असं, की मेश्राम बोलला असं? आरती चालू झाली होती. मी गप्प उभा राहिलो. बुंदी घेतली. चांगली झाली म्हणालो.

सकाळी मी लवकर पोचलो तर दुखुराम कापसाला थिनर लावून केसिंग पुसत होता. त्याला स्वतःलाच चुकचुकल्यासारखं वाटलं असावं, किंवा नुसतं भट्टीत घाण नको म्हणून. कापूस नारिंगी झाला होता. पुसल्यावर तिन्ही भिंती आरशासारख्या. नियमाप्रमाणे पुन्हा टाकीत धुवायला हवं होतं. त्यात अर्धा दिवस गेला असता आणि का, ते सांगावं लागलं असतं. माझ्यासमोर कागद होता. 'भट्टीपूर्व स्वच्छता तपासली, ठीक.' मी सही केली.

स्वतःची समजूत कशी घातली तेही सांगतो. म्हटलं, पुसलं ना, संपलं. म्हटलं, फळ्यावरच्या यादीत शेंदूर कुठे आहे?

भट्टी झाली, थंड झाली, आणि केसिंग माझ्या काळ्या खोलीत आली. या तपासणीची गंमत मला कधी जुनी झाली नाही. भागाला एक पातळ तेलकट द्रव लावतात. तडा असला तर तो आत शिरून बसतो. वरचं धुऊन टाकायचं, पावडर मारायची, म्हणजे आतला द्रव हळूहळू वर येतो. मग खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावायचा. आधी स्वतः थोडा वेळ नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. बाहेर भर दुपार असते आणि आपण आत अमावस्येत. धातू चांगला असेल तर काहीच दिसत नाही. तडा असेल तर हिरवी रेघ पेटते.

दोन केसिंग काळी राहिली. तिसऱ्यावर रेघ नव्हती. भिंतीवर हिरव्या कणांचा एक पुंजका होता, लांबट गोल, एका बाजूला किंचित दाबलेला. मग नकळत स्वतःचा अंगठा त्याच्याजवळ नेला. अंगठ्याचाच आकार होता.

बाहेर येऊन अनुजाला एवढंच सांगितलं की एक नापास. तिचा चेहरा उतरला, पण ती लगेच सावरली. "जुनंच तर आहे काका. थकलं असन. पिल्लई साहेब म्हणालेच होते, एखादं जाऊ शकते. दोन पास झाले ना?" खरं होतं. म्हाताऱ्या भागाच्या माथी म्हातारपण मारलं की कोणी विचारत नाही. एक नापास, दोन पास, चाचणी यशस्वी. वर्कशॉपला काम. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर माझा हातखंडा होता.

पण तिन्हींना टिळा लागला होता आणि तिन्ही एकाच भट्टीत, एकाच वेळी तापली होती. दिव्याला पृष्ठभागावर उघडलेलं दिसतं. आत जे सुरू झालंय आणि अजून वर आलेलं नाही, ते दिसत नाही. त्या दोन काळ्या केसिंगबद्दल मला 'चालेल' लिहायचं होतं. ती इंजिनात बसणार होती आणि ते इंजिन घेऊन कोणीतरी वर जाणार होता. तो कोण, कुठला, ते मला नेहमीसारखं कोणी सांगणार नव्हतं.

संध्याकाळी घरी मी पोळीचा एक घास घेऊन बसलो होतो. कुसुमनं ताट सरकवलं. "बोला."

सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्याईनं टिक्का लावला तवा तुमी तिथंच होते ना? मंग कावून नाही बोलले?"

"पूजा चालू होती."

"पूजा त्यायची होती. काम तर तुमचं होतं ना?"

मी म्हटलं, लोक काय म्हणाले असते तुला माहीत आहे. ती म्हणाली, "माहीत आहे. म्हनले असते. अन आता ज्याचा पोरगा त्या विमानात बसन, त्याले काय सांगान, लोक म्हनले असते म्हनून?"

मी जेवलो नाही. रागही आला होता, तिचा नाही, माझाच.

सकाळी अनुजाच्या केबिनमध्ये जाऊन दार लावलं आणि पहिल्यापासून सांगितलं. टिळा, कापूस, सही. ती उभीच राहिली. "काका, तुमी हे सांगितलं तर तिन्ही जातील. भट्टी पण बंद. चाचणी फेल. समजून राहिले ना तुमी?"

"समजतं."

"अन ते तर पुसलं होतं ना? दोनमध्ये काहीच नाही दिसून राहिलं. आप खुद बोल रहे हो, दिसत नाही." घाईत ती नेहमी हिंदीत घसरायची. मग खाली बसली आणि माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "काका, एक विचारू? तुमच्या मनात पूजेचा राग तर नाही ना?"

इतक्या वर्षांत ज्याची भीती वाटत आली, ते वाक्य असं समोर आलं. आणि गंमत म्हणजे ऐकून काही कोसळलं नाही. मी म्हटलं, "राग असता तर तेव्हाच बोललो असतो, मॅडम. तुम्हाला वाईट वाटेल या भीतीनं गप्प बसलो. फोटोसाठी प्लॅस्टिक काढलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. सही माझी आहे. चूकही माझीच लिहा."

तिनं दुपारपर्यंत वेळ मागितला. भिंतीवर वडिलांचा फोटो होता. त्याच्याकडे तिनं पाहिलं की नाही मला माहीत नाही, मी बाहेर आलो होतो. जेवणाच्या सुट्टीआधी तिनं स्वतःच पिल्लई साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून मला खुणेनं बोलायला सांगितलं.

पिल्लई साहेब दोन दिवसांनी आले. त्यांनी नारिंगी कापूस मागितला. तो अजून कचऱ्याच्या डब्यात होता. शेंदराची पुडी मागितली. तीही मिळाली. ते म्हणाले, यात शिसं असतं, काही शेंदरांत पारा आणि गंधक असतं, आणि तेल तर आहेच. म्हणजे यादीत शेंदूर नव्हता, पण शेंदरात यादी होती. रागावले नाहीत. मी तर मनाची तयारी करून उभा होतो. त्यांनी फक्त माझ्या सहीचा कागद वेगळा काढून फाइलमध्ये लावला आणि त्यावर मला खरं काय झालं ते माझ्या अक्षरात लिहायला लावलं. नोकरीतलं ते माझं सर्वांत लांब लिखाण.

तिन्ही केसिंग कापून बघितली गेली. निकाल यायला वेळ लागला. नापास केसिंगमध्ये बिघाड भिंतीच्या निम्म्यापर्यंत उतरला होता. दिव्याखाली काळं राहिलेल्या एकात तो पृष्ठभागाच्या खाली सुरू झालेला होता. आणखी काही तास उडालं असतं तर उघडला असता. मात्र उरलेलं एक निर्दोष निघालं. अगदी धडधाकट, कितीतरी वर्षं टिकलं असतं. पण हे कापल्यावरच कळू शकत होतं आणि कापल्यावर त्याचा उपयोग नव्हता. त्या एकाची मला अजून हळहळ वाटते. बाकी दोघांपेक्षा जास्त.

भट्टी आतून साफ करायला महिने गेले. वर्कशॉप पुन्हा कपलिंगवर आलं. वर्षभरानं कारखान्यानं पुन्हा एक केसिंग पाठवलं, एकच, आणि सोबत नव्या अटींचे कागद जोडून पाठवले. अनुजानं ते घेतलं. पिल्लई साहेब म्हणाले, "आपका दोष हमें मालूम है, इसलिए भेजा." मी ते वाक्य बरेच दिवस उलटसुलट करून पाहिलं आणि मला ते पटलं.

दुखुरामला कोणी बोल लावला नाही. मी तशी अटच घातली होती. पण दुसऱ्या खेपेचं केसिंग आलं तेव्हा त्यानं आपण होऊन मोठं यंत्र सोडलं आणि कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर जाऊन उभा राहिला. कपलिंग काढत बसला. अनुजानं विनवलं, मी विनवलं, नाही म्हणजे नाही. दुसरा टर्नर आणला. तो वाईट नव्हता, पण जोड बोटाला लागायचा.

एक दिवस चहाच्या वेळी मी त्याच्या शेजारच्या पेटीवर बसलो. माफी मागायचं मनात होतं, पण जमत नव्हतं, म्हणून लेथच्या पट्ट्याबद्दल बोलत होतो. त्यानं कप खाली ठेवला.

"तुमन देखत रहेव न, मेश्राम जी? जब मैं टीका लगात रहेंव?"

"हो," मी म्हटलं.

"त एक बार कहि देतेव." तो माझ्याकडे बघत होता. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, जसं मला आयुष्यभर धातूबद्दल वाटत आलं. "मैं मान जातेंव."

एकदा सांगायचं होतंत, मी ऐकलं असतं. एवढंच म्हणून तो उठला आणि लेथ चालू केला. सगळी हयात मी लोखंडाला संशयानं तपासलं, आणि कशालाही बघितल्याशिवाय 'काढा' लिहिलं नाही. दुखुरामला मात्र मी न तपासताच नापास केलं होतं.